पोरगी उतरेपर्यंत

नाशकात भित्र्या माणसांची स्पर्धा कुणी भरवली, तर पहिला नंबर आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींचा येईल याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. फक्त बक्षीस त्यांच्या घरी नेऊन द्यावं लागेल, कारण स्टेजच्या पायऱ्या त्या चढणार नाहीत. पायऱ्यांना कठडा आहे का, तो हलतो का, स्टेजखालून वायरी कुठून गेल्यात, हे सगळं विचारून होईल आणि शेवटी, "राहू द्या, माझा इथूनच नमस्कार," म्हणून त्या मागच्या रांगेतल्या दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसतील. आग लागली तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून.

इंदिरानगरात आमची दारं समोरासमोर आहेत, त्यामुळे वहिनींची भीती मी अगदी जवळून पाहिली आहे. कुकर गॅसवर चढवला की त्या स्वयंपाकघरातून निघतात आणि थेट आमच्या दारात येऊन थांबतात. शिट्ट्या तिथून मोजायच्या आणि पुरेशा झाल्या की मला म्हणायचं, "भाऊजी, तेवढा गॅस बंद करून येता?" कित्येक वर्षं त्या घरचा कुकर मीच बंद केलाय. आमची ही सगळ्यांना सांगते की यांना स्वतःच्या घरचा गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा ते ठाऊक नाही, पण समोरच्यांचा डोळे मिटून बंद करतील. खरं आहे ते. पावसाळ्यात वहिनी दिव्याचं बटण लाटण्यानं दाबतात. लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाहीत. रामकुंडावर गेल्या तर दुसऱ्या कुणाकडून तांब्याभर पाणी काढून घेतात आणि वरच्या कोरड्या पायरीवर उभ्या राहून पायांवर ओतून घेतात. द्वारकेच्या चौकात रस्ता ओलांडायचा असेल तर चक्क रिक्षा करतात. एकदा मी बरोबर होतो. रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं जायचं ताई?" वहिनींनी समोरचं मिठाईचं दुकान दाखवलं. तो बिचारा खाली उतरला, दुकानाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, मला लय लांबून वळसा पडंल. चालत गेल्या तर पेढे घेऊन परत याल तुम्ही." वहिनी आत बसत म्हणाल्या, "मीटर टाका." भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण वहिनींच्या पाठी ब्रह्मराक्षसांची अख्खी सोसायटी होती.

आणि या बाईची एकुलती एक पोरगी कडे चढायची! दोराला लटकून, सुळक्यांवर, तेही चोरूनमारून नाही, आईच्या परवानगीनं. आता बोला.

पोरीचं नाव जुई. नाव ठेवताना आईबापांच्या मनात काहीतरी नाजूक असणार, पण ही जुई चालायला लागली ती खिडकीच्या गजांवरूनच. मी संध्याकाळी गॅलरीत बसलो की ही मला पाण्याच्या टाकीवर दिसायची. मी मुळात बसणारा माणूस आहे. बँकेत अख्खी नोकरी बसून केली आणि निवृत्तीनंतरही त्या कलेत खंड पडू दिलेला नाही. खालून ओरडायचो, "उतर गं भवाने!" ती वरून हात हलवायची. तिचे वडील अचानक गेले तेव्हा ती सातवीत होती. वहिनी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला लागल्या. घरात दोघीच उरल्या. एक साध्या स्टुलाला भिणारी आणि एक कशालाच न भिणारी.

नववीत असताना जुईनं कुठूनतरी गिर्यारोहण करणाऱ्या एका मंडळाचा पत्ता काढला. त्या मंडळाची एक रीत होती. अठराच्या आतलं पोर असेल तर मंडळाचे सर आधी त्याच्या घरी जेवायला जायचे. घरच्यांनी त्यांना काय वाट्टेल ते विचारायचं, सरांनी खरी उत्तरं द्यायची, आणि मग घरच्यांनी तोंडानं हो म्हटलं तरच पोराला दोर बांधायचा. सर एका शाळेत कवायत शिकवायचे. उन्हानं रापलेला, कमी बोलणारा माणूस. वहिनींनी भरलं वांगं केलं, भाकरी केल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही या. मला एकटीला धीर होणार नाही." मी गेलो ते पोरीला वाचवायचंच, असं ठरवून.

सर जेवायला बसले आणि वहिनींची तोफ सुरू झाली. पाय घसरला तर? वरून दगड आला तर? चक्कर आली तर? साप निघाला तर? सर एकेकाचं उत्तर देत होते. मग त्यांनी समजावून सांगितलं की वर चढणारा एक असतो आणि खाली त्याचा दोर धरणारा एक असतो. दोर धरणाऱ्यानं गप्पा मारायच्या नाहीत, नजर हलवायची नाही आणि वरचा माणूस खाली उतरेपर्यंत बसायचं तर अजिबात नाही. वहिनींनी विचारलं, "आणि दोर तुटला तर?" सर म्हणाले, "सहसा तुटत नाही. अवघड जागी आम्ही दोन लावतो." "दुसरा तुटला तर?" सरांनी हातातला घास खाली ठेवला. म्हणाले, "मग वहिनी, माणूस जातो."

मी म्हटलं, झालं, आता ताट काढून घेणार या. वहिनी उठल्या, आत गेल्या, आणि आणखी एक गरम भाकरी आणून त्यांनी सरांच्या पानात वाढली. म्हणाल्या, "न्या तिला." मी पुष्कळ आरडाओरडा केला. पोरीची हाडं कोवळी आहेत, अक्कल त्याहून कोवळी आहे, या वयात पोरांना 'नाही' म्हणायलाच तर आईबाप असतात, असं सगळं बोललो. सर गेल्यावर वहिनी मला एवढंच म्हणाल्या, "खोटं बोलले असते ना, तर पाठवली नसती."

त्या दिवसापासून वहिनींचं ते उभं राहणं सुरू झालं. जुई डोंगरावर असली की वहिनी बसायच्या नाहीत. पोरगी भल्या पहाटे सॅक घेऊन निघाली की या उभ्या. चहा उभ्यानं, जेवण ओट्याशी उभ्यानं, निवडणं-टिपणं उभ्यानं. डोंगरावरून खाली उतरून रेंज आली की जुई सरांच्या मोबाइलवरून फोन करायची आणि एकच शब्द बोलायची, "उतरले." तो शब्द कानावर पडला की वहिनी हाताशी जे असेल त्यावर बसायच्या. एकदा कारखान्याला शनिवारी काम होतं आणि जुई डोंगरावर. सिन्नरहून येताना एसटी अर्धी रिकामी, तरी या दांडा धरून उभ्या. कंडक्टर म्हणाला, "बाई, सीट रिकामी हाय, बसा की." वहिनी म्हणाल्या, "नको, मुलगी कड्यावर आहे." कंडक्टरनं जरा विचार केला आणि तिकीट दिलं. एकदा एका लग्नात पंगत बसली, या भिंतीशी उभ्या. यजमान येऊन विनवतायत, वहिनी हसून मान हलवतायत. तेवढ्यात फोन आला आणि वहिनी मागे न बघता मट्कन बसल्या, त्या नेमक्या नवरदेवासाठी सजवलेल्या लाल मखमलीच्या सिंहासनावर. फोटोवाल्यानं तेवढ्यात फोटो काढला. तो त्या लग्नाच्या अल्बममध्ये अजून आहे म्हणतात.

मी एकदा वैतागून विचारलं, "अहो वहिनी, इथं इंदिरानगरात तुम्ही उभ्या राहून तिथं तिला काय फरक पडतो?" त्या म्हणाल्या, "सर म्हणाले नव्हते का, दोर धरणाऱ्यानं बसायचं नाही?" मी कपाळाला हात लावला. असल्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नाही. मी माझ्या खुर्चीत जाऊन बसलो.

पण सोसायटीतल्या बायकांनी याचा भलताच अर्थ लावला. त्यांना वाटलं, हे व्रत आहे! बाई दिवसभर बसत नाही, भिंतीला टेकत नाही, पोरगी मात्र सुखरूप घरी येते, मग दुसरं काय असणार? दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी येऊन विचारलं, "कुठल्या देवीचं हो? चहा चालतो का यात? उद्यापनाला काय करायचं?" वहिनींना नाही म्हणायचीही भीतीच. त्या म्हणाल्या, "असंच आपलं, मुलीसाठी." झालं! काकूंचा मुलगा तेव्हा सीएच्या परीक्षेला बसला होता आणि दोनदा आपटला होता. काकूंनी त्याच्या सगळ्या पेपरांना हे व्रत केलं आणि पोरगा पास झाला. मग काय विचारता! कुणी मुलाच्या व्हिसासाठी उभं राहतंय, कुणी सुनेच्या बाळंतपणासाठी. आमची हीसुद्धा माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दवाखान्यात सगळा वेळ उभी होती, आणि डॉक्टर तिला बसा बसा म्हणून थकले. नवरा गेल्यापासून याच बायका वहिनींना हळदीकुंकवाला बोलवायच्या बंद झाल्या होत्या. आता त्याच येऊन त्यांना नियम विचारत होत्या. वहिनी मला हळूच म्हणाल्या, "भाऊजी, खरं सांगू नका हं कुणाला. तेवढंच कुणी घरी येतं." मी नाही सांगितलं.

जुई सोळा वर्षांची असताना एका रविवारी त्र्यंबकच्या बाजूच्या एका सुळक्यावर गेली होती. फोन चार-साडेचारपर्यंत यायचा. आला नाही. पाच वाजून गेले. वहिनींनी सरांना लावून बघितला, लागेना. दिवेलागण झाली. मी समोर गेलो तर वहिनी हॉलच्या मधोमध उभ्या होत्या, हातात फोन, आणि ओठ पांढरे पडलेले. मी आपलं विचारलं, "कुकर लावायचाय का?" त्यांनी नकाराची मान हलवली. एवढ्यात काकू आल्या, मग आमची ही आली, मग वरच्या, खालच्या अशा सात-आठ जणी आल्या. कुणी कुणाला सांगितलं देव जाणे. कुणीही बसलं नाही. वहिनींच्या भोवती सगळ्या नुसत्या उभ्या राहिल्या. मी माझ्या सवयीनं सोफ्याकडे निघालो होतो, आमच्या हिनं असं काही बघितलं की मीही भिंतीपासून वीतभर लांब उभा राहिलो. गुडघे बोंबलत होते, पण जाऊ द्या. त्या वेळी गुडघ्यांचं कोण ऐकतो!

फोन आला तेव्हा बाहेर चांगला अंधार झाला होता. अनोळखी नंबर होता. वहिनींना उचलायचं धाडस होईना, काकूंनी उचलून त्यांच्या कानाला लावला. पलीकडून जुई म्हणाली, "उतरले." वहिनी तिथंच फरशीवर बसल्या, आणि त्यांच्याबरोबर सगळ्या बायका बसल्या आणि रडायला लागल्या. झालं होतं असं की सुळक्याच्या पोटात आग्या मोहोळ होतं, त्या माश्या उठल्या. पोरांना कपारीत तोंडं झाकून, हूं की चूं न करता अंधार पडेपर्यंत थांबावं लागलं होतं. सरांचा फोन खाली पडून फुटला होता, म्हणून पायथ्याच्या गावातल्या कुणाच्यातरी फोनवरून जुईनं लावला होता. घरी आली तेव्हा जुईचा एक डोळा सुजून बंद झाला होता आणि दुसऱ्या डोळ्यानं ती हसत होती.

बातमी वहिनींच्या सासरी, सिन्नरला पोचली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे थोरले दीर आले. शेतकरी माणूस, मनानं चांगला, आवाज मोठा. सोफ्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बघ बाई, आता बास झालं. पोरीची जात हाय. उद्या हातपाय मोडला, तोंडाला काय झालं, तर कोण करंल तिला? आन् जीवच गेला तर लोक आपल्या तोंडात शेण घालतील. बाप नाय तिला, म्हणून मला बोलावं लागतं. आजपासून बंद." मी दारात होतो. खरं सांगायचं तर त्यांचं बोलणं मला सोळा आणे पटलं होतं. पोरगी आतल्या खोलीच्या दाराशी उभी होती, सुजलेला डोळा घेऊन. तिचं सगळं आता आईच्या एका शब्दावर होतं.

जन्मात मोठ्या दिरांपुढे न बोललेल्या वहिनी बोलल्या. म्हणाल्या, "दादा, तुमच्या भावाला मी फार जपलं. गाडी चाळीसच्या वर नेऊ दिली नाही. नदीत उतरू दिलं नाही. त्यांना एकदा मित्रांबरोबर हिमालयात जायचं होतं, मी रडून रडून ते मोडलं. त्यांनी नंतर कधी नाव काढलं नाही. आणि गेले कुठे? घरात. चहा पिता पिता, तुम्ही बसलात त्याच जागी. माझ्या डोळ्यांसमोर. मला भीती वाटते हो दादा, रोज वाटते. पण ती माझी आहे, मी ती पोरीच्या गळ्यात नाही घालणार."

दादा सोफ्याकडे बघायला लागले. मग हळूच उठले आणि शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसले. शेवटी त्यांनी जुईला जवळ बोलावलं, तिचा डोळा निरखून बघितला आणि म्हणाले, "माशी चावली तर तिथं कांदा चोळावा गं. येवढं पण शिकवत नाय का तुझा सर?" पुढच्या खेपेला त्यांनी सिन्नरहून पोतंभर कांदे पाठवले. त्या मोहोळातल्या माश्यांची अख्खी पिढी आली असती तरी पुरले असते.

त्यानंतर जुईला कुणी अडवलं नाही. बारावी झाली, मग तिकडे वर उत्तरेत जाऊन तिनं बर्फातल्या चढाईचे अभ्यासक्रम केले, आणि आता तिकडेच ती नवशिक्यांना शिकवते. वर्षातून एकदा, दिवाळीला येते. मोहिमा लांबल्या तशी वहिनींच्या उभं राहण्याची पंचाईत झाली. तिकडे पोरगी आठ-आठ दिवस वर, इकडे आईनं किती उभं राहायचं? तरी जमेल तेवढं उभ्या राहायच्या. मागच्या दिवाळीला जुईनं आईचे पाय बघितले. पोटऱ्यांवर शिरांच्या गाठी आल्या होत्या. रात्री आमच्याकडे येऊन पोरगी आमच्या हिच्या गळ्यात पडून रडली. आणि जाताना आईला सांगून गेली की आता माझी बढती झाली, मी वर जात नाही, खाली तळावरच शिकवते.

सोसायटीला हायसं वाटलं. मलाही वाटलं. व्रताचं उद्यापन झालं असं काकूंनी जाहीर करून टाकलं, आणि हळूहळू बायकांचं वहिनींकडे येणं कमी झालं. वहिनी आता निवृत्त झाल्यात. दुपारभर त्यांच्या घरात टीव्हीचा आवाजही नसतो. कुकरसुद्धा एकटीसाठी कशाला, म्हणून पातेल्यात भात लावतात, त्यामुळे माझीही त्या घरातली नोकरी सुटल्यासारखीच आहे.

परवा संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या आणि कोचावर पाठ टेकून नीट बसल्या. आमची ही देवळात गेली होती. मी विचारलं, "जुई काय म्हणते?"

"खालीच असते म्हणते."

"मग बरंय की."

त्यांनी हातातली पिशवी मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "काल व्हिडिओवर बघितली. ओठ उकललेत. नाकाची सालं निघालीत. खाली बसून शिकवणाऱ्याच्या नाकाची सालं निघतात होय भाऊजी?"

मी म्हटलं, "थंडी असेल तिकडे."

"असेल," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही सगळे मला सांगायचात ना, पोरीला जप म्हणून? आता ती मला जपते. मी उभी राहू नये म्हणून सांगतच नाही कधी वर जाते ते. पूर्वी भीती वाटायची, पण निदान कळायचं तरी, आत्ता ती तिथं आहे, मी इथं आहे. जपलेल्या माणसाला कुणी काही सांगत नाही हो. फार एकटं वाटतं."

मी नेहमीप्रमाणे बसून राहिलो. वहिनींनी पिशवीतून स्टीलची एक एवढुशी डबी काढली. आत घरी कढवलेलं साजूक तूप होतं. जुईला कुरिअर करायचं होतं, झाकण घट्ट बसेना म्हणून माझ्याकडे चिकटपट्टी मागायला आल्या होत्या.

"ओठांना लाव म्हटलं तर तिला समजेल, मला समजलंय ते," त्या म्हणाल्या. "पोळीवर घ्यायला पाठवतेय असं सांगितलंय."

मी डबीला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून दिली. तेवढं तूप एका माणसाच्या दोन पोळ्यांनाही पुरलं नसतं. मी तसं म्हटलं नाही.